डिसॅग्रीचं कार्ड

डिसॅग्री (क्रि.) १. भांडणे, विरोध करणे, वाकड्यात शिरणे. *नोकराने मालकाशी डिसॅग्री करू नये.* २. (अन्न) न मानवणे. *शिळे मासे मला मानवत नाहीत.*

इंग्रजी-मराठी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीतली नोंद, जशी छापली तशी.

या नोंदीत एकच वाक्य खरं आहे, असं आत्या म्हणायची. माशांचं. ते मासे तिनेच आणले होते, तिनेच शिजवले होते. बाबांनी दोन दिवस अंथरुणात काढले आणि तिसऱ्या दिवशी उठल्या उठल्या कार्ड लिहायला घेतलं. बाकीची नोंद म्हणजे, आत्याच्या मते, निव्वळ बाळ्याचं डोकं.

बाळ्या म्हणजे बाबा. कोशाचे मुख्य संपादक. केस पांढरे, भुवया अजून काळ्या. त्यांना बाळ्या म्हणणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते मागच्या खोलीत राहत होतं.

किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर तीन खोल्या. पुढच्या खोलीत कोश, मागच्या दोन खोल्यांत बाबा आणि त्यांची थोरली बहीण. खाली किल्ली घासायला लागली की वर टेबलावरचा चहा थरथरायचा आणि बाबा बोलता बोलता थांबायचे. यंत्र थांबलं की जिथे सोडलं त्याच शब्दापासून पुढे.

काम करायची पद्धत बाबांनीच घालून दिलेली. एका शब्दाचं एक कार्ड. एकाने ते मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि पटलं तर 'बरोबर' म्हणायचं. मान हलवून चालणार नाही. 'हं' चालणार नाही. 'बरोबर' असं तोंडाने म्हटलं की कार्ड डाव्या ट्रेमधून उजव्या ट्रेमध्ये जाणार, आणि तिथून छपाईसाठी पानं लावणाऱ्याकडे. नाही पटलं तर कार्ड मधे, टेबलाच्या मधोमध, दोघांच्या नाकासमोर.

"एकटा माणूस कोश करतो तेव्हा त्याच्या चुका होत नाहीत असं नाही," बाबा म्हणायचे. "त्या त्याला दिसत नाहीत, एवढंच."

वाचणारे बाबा. 'बरोबर' म्हणणारी त्यांची मुलगी, ठकू. शिक्षण संपवून ती या टेबलाला बसली होती, आणि आता तिच्या चष्म्याचा नंबर बाबांच्या पुढे गेला होता. वाचणारा नेहमी एकच असेल असं पद्धतीत कुठेही म्हटलेलं नव्हतं. पण तसं होऊन गेलं होतं. टेबलाच्या मधोमध कित्येक वर्षं बिस्किटांच्या डब्याशिवाय काही आलं नव्हतं.

तिसऱ्या आवृत्तीचं काम चालू होतं. ए, बी, सी होऊन गेले होते.

*

उदाहरण. *ती बाई भांडायला आली नव्हती.*

गुरुवारी दुपारी बाबा झोपले होते. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक बाई उभी राहिली. मनगटावर भाजल्याच्या जुन्या रेघा, कोपरापाशी पीठ. हातात कोशाची खिशात मावणारी आवृत्ती, पाठीला चिकटपट्टी लावलेली.

"कोशवाले इथेच का?"

"इथेच. बसा ना," ठकू म्हणाली.

"बसत नाही. बेकरीतून आलेय, भट्टी दुसरीच्या भरवशावर टाकून." तिने पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं. पान दुमडलेलं होतं, शोधावं लागलं नाही. "मला एवढंच विचारायचंय, हा शब्द असाच आहे का?"

ठकूने पाहिलं. डिसॅग्री.

"का हो?"

बाई सांगायला लागली. उभ्याउभ्याच, भाव विचारावा तशा आवाजात.

ती आणि तिचा नवरा वेगळे झाले होते. मुलगी कुणाकडे राहणार हे ठरवायला दोघांना मध्यस्थाच्या खोलीत बोलावलं होतं. गोल टेबल, खिडकीत कुंडी, मध्यस्थ बाई इंग्रजी बोलणाऱ्या. नवऱ्याने म्हणणं मांडलं, की मुलगी सोमवार ते शनिवार त्याच्याकडे आणि रविवारी आईकडे राहील, कारण आई पहाटे कामाला जाते.

"बाई चांगल्या होत्या. माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, डू यू डिसॅग्री? मी म्हटलं, एक मिनिट. पर्समधून हे काढलं. त्या थांबल्या हो. पाणीसुद्धा दिलं." बाईने नोंदीवर बोट ठेवलं. "भांडणे. विरोध करणे. वाकड्यात शिरणे. माझी पोर काचेच्या पलीकडे बसली होती, मोज्याचा धागा ओढत. तिच्या देखत तिच्या बापाशी भांडायचं नाही असं मी घरूनच ठरवून निघाले होते. मी म्हटलं, नो."

खालचं यंत्र सुरू झालं. दोघी थांबल्या. यंत्र थांबलं.

"मग आता?" ठकूने विचारलं.

"आता रविवारी येते. रविवारी बेकरी बंद असते, तेवढं नशीब. येत्या मंगळवारी परत बैठक आहे. कसं चाललंय ते बघणार, आणि परत तेच विचारणार."

"त्याचा अर्थ भांडणे असा नाहीये," ठकू म्हणाली. "तुम्हाला पटलेलं नाही, एवढाच अर्थ आहे."

"एवढाच?"

"एवढाच."

"मग हे काय आहे?"

"ते जुनं आहे."

"ब्रेड जुना होतो, ताई. शब्द पण होतो?"

"चुकलंय ते."

बाईने पुस्तक उचललं, पहिली पानं उलटली आणि नावांच्या पानावर थांबली. "मुख्य संपादक हे. तुम्ही खाली, सहसंपादक."

"हो."

"मग मुख्यांना विचारून सांगा. राग मानू नका. मागच्या वेळी छापलेल्यावर विश्वास ठेवून गेले. आता न छापलेल्यावर ठेवून जाऊ?"

ठकूने एक कोरं कार्ड पुढे ओढलं.

"सोमवारी संध्याकाळी येते," बाई म्हणाली आणि जिना उतरली. टेबलाच्या कडेला पिठाचं एक बोट उमटून राहिलं.

*

आत्या मागच्या दारात उभी होती. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झालेली, त्यामुळे दोन माणसांचं बोलणं तिसऱ्याने ऐकणं यात वावगं काही असतं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"त्या कार्डाला 'बरोबर' कोण म्हणालं होतं गं?" तिने विचारलं.

"तूच. दुसऱ्या आवृत्तीला तूच बसायचीस ना टेबलाला."

आत्याने आठवून पाहिलं. "मी माशांपुरतं म्हटलं होतं."

*

कार्ड, नवं. कच्चं.

*मतभेद असणे.* खोडलं. मतभेद पेपरात असतात. बेकरीतल्या बाईला मतभेद नसतात.

*असहमत असणे.* राहू दे. पण असं घरात कुणी बोलतं का? "आई, भाजीबद्दल मी असहमत आहे"? बारीक अक्षरात.

*दुमत असणे.* एका माणसाला दुमत कसं असेल. खोडलं.

*न पटणे.*

*न पटणे.* हे.

माणूस असेल तर पुढे 'विथ'. गोष्ट असेल तर 'अबाउट'. *आय डिसॅग्री विथ यू*, मला तुमचं पटत नाही. *वी डिसॅग्री अबाउट* अमुक, आमचं अमुक गोष्टीवरून पटत नाही. अमुक काय? पैसा नको. राजकारण नको. रोजचं काहीतरी हवं.

मागच्या खोलीतून:

"बाळ्या, पंखा बंद कर."

"मला उकडतंय."

"मला गारठा लागतोय."

"मग शाल घे."

"तू स्वेटर काढ आधी, मग उकडण्याच्या गप्पा मार."

"एकवर ठेवतो."

"ठेव. चहात साखर घालू का आज?"

*वी डिसॅग्री अबाउट द फॅन.* आमचं पंख्यावरून पटत नाही.

ठकूने ते लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

*

शुक्रवार. डावा ट्रे, उजवा ट्रे, मधे डबा. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी पानं लावणारा. त्याला सगळे कॉमा म्हणायचे, कारण बोलता बोलता तो मधेच थांबायचा, आणि आता वाक्य संपलं असं वाटून समोरचा तोंड उघडणार तेवढ्यात पुढे बोलायचा.

बाबांनी डिसअॅफेक्टेड वाचलं.

"बरोबर."

बाबांनी पुढचं कार्ड घेतलं. दुसऱ्या आवृत्तीचंच, शब्दाला शब्द. भांडणे, विरोध करणे, वाकड्यात शिरणे, नोकराने मालकाशी, शिळे मासे. वाचलं आणि हात उजव्या ट्रेकडे नेला.

हात तिथेच राहिला.

"ठकू."

"ऐकलं मी."

"मग म्हण."

"नाही बाबा. मला पटत नाही."

कॉमाने खुर्ची फिरवली. मागच्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

ठकूने आपलं कार्ड पुढे सरकवलं आणि बेकरीतल्या बाईची हकीकत सांगितली. गोल टेबल, पाण्याचा ग्लास, काचेपलीकडची मुलगी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"वाईट झालं," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. "फार वाईट झालं. पण ठकू, कुणाला काय सोयीचं आहे त्यावरून शब्दाचा अर्थ ठरत नाही."

"मग कशावरून ठरतो?"

"तो तोंडातून बाहेर पडल्यावर काय होतं त्यावरून." त्यांनी तिचं कार्ड हाताच्या अंतरावर धरलं. "न पटणे. अगदी हेच लिहिलं होतं माझ्या पुस्तकात. मत भिन्न असणे, न पटणे. विम्याच्या ऑफिसात पत्रं लिहायचो तेव्हाचं सांगतोय. साहेबाने सगळ्यांना बोलावून नवा नियम सांगितला आणि विचारलं, डझ एनीवन डिसॅग्री? मी आदल्याच आठवड्यात तो शब्द वाचला होता. म्हटलं, न पटणे, एवढंच तर आहे. उभा राहिलो. सर, आय डिसॅग्री. सोमवारी माझ्या खुर्चीवर दुसरा बसला होता. माझा डबा दारातल्या माणसाकडे ठेवलेला." ते थांबले. खाली यंत्र चालू नव्हतं तरी थांबले. "मला तेव्हा कुणीतरी खरा अर्थ सांगायला हवा होता. तो मी सांगितला. ती नोंद नाही, इशारा आहे."

ठकूला हे ठाऊक नव्हतं. विम्याचं ऑफिस ठाऊक होतं, ते सुटलं हेही ठाऊक होतं. कशावरून सुटलं ते नव्हतं. एक क्षण तिला वाटलं की म्हणून टाकावं बरोबर. तोंडात यायला निघालंच होतं, इतकं सवयीचं. मग टेबलाच्या कडेचं पिठाचं बोट दिसलं. ते कुणी पुसलं नव्हतं.

"तो साहेबाचा अर्थ झाला, बाबा. शब्दाचा नाही. तुम्ही साहेबाला कोशात घेतलंत."

"साहेब सगळीकडे असतो."

"असेल. पण त्या खोलीत नव्हता. तिथे पाणी देणारी बाई होती. आणि साहेब तुमच्या पुस्तकातून निघून तिच्या पर्समध्ये जाऊन बसला."

कॉमा खाकरला.

"शिवाय बघा," ठकू म्हणाली, "या शब्दापुढे 'विरुद्ध' येत नाही. 'विथ' येतं. माणसाच्या सोबत राहून—"

"फाइट विथ," बाबा म्हणाले. "भांडणसुद्धा माणूस कुणाच्या तरी सोबतच करतो. एकट्याने करता येत असतं तर तुझ्या आत्याला माझी गरज पडली नसती."

"मी ऐकतेय हं," आतून आवाज आला.

"साहेब," कॉमा म्हणाला, "एक. ताई, शून्य."

ठकू हसली. मुद्दा गेला होता, आणि चांगला गेला होता. बाबाही हसले. मग एकदम गंभीर झाले आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बरं. आता तू उठून जाशील."

"का?"

"भांडण झालं ना आपलं."

"कुठे झालं?"

"मग हे आत्ता काय चाललं होतं?"

"मला पटलं नाही. तुम्हाला माझं पटलं नाही. पुढचं कार्ड घ्या."

तिने जुनं कार्ड आणि नवं कार्ड एकावर एक ठेवली आणि बिस्किटांच्या डब्यावर मांडली.

पुढचं कार्ड डिसॅग्रीएबल. ते आधीच्या कार्डावर अवलंबून. त्याच्या पुढचं डिसॅग्रीमेंट. तेही. दोन्ही डब्यावर गेली. मग डिसअलाउ.

"परवानगी नाकारणे," बाबांनी वाचलं.

"बरोबर."

बाबांनी वर पाहिलं. तिच्या आवाजात काही अडकलंय का ते शोधत होते. काही नव्हतं. रोजचंच 'बरोबर'. त्यांनी आणखी दोनचार कार्डं वाचली आणि डिसअपॉइंटपाशी जरा सावकाश झाले.

"निराश करणे. *मुलांनी आईबापांना निराश करू नये.*"

"वाक्य खोचक आहे," ठकू म्हणाली. "बरोबर."

आत्या बिस्किटं काढायला आली, डब्यावरची कार्डं पाहिली, आणि बिस्किटं न काढताच परत गेली.

*

उदाहरण. *शनिवारी ती नेहमीच्या वेळेला आली.*

"आलीस?" बाबा म्हणाले.

"शनिवार आहे ना."

"तसं नाही. मला वाटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक आधीच होतं.

आतून आत्याने ठकूला खूण केली. मागच्या खोलीत गेल्यावर कुजबुजली, म्हणजे तिच्या मानाने कुजबुजली. "काल जेवला नाही धड. तुझा फोन आला का म्हणून तीनदा विचारलं. मी म्हटलं, एक्सचेंज बंद झालंय, उद्या तोंडानेच विचार."

"त्यांना काय वाटलं, मी येणार नाही?"

"त्याचं तसंच आहे. न पटलेला माणूस टेबलावर टिकतो हे त्याने कधी बघितलेलंच नाही."

"आणि तू? तुझं तर त्यांच्याशी पंख्यापासून मिठापर्यंत काही पटत नाही."

"मी कुठे टेबलावर आहे," आत्या म्हणाली. "मी आत आहे."

ठकू परत येऊन बसली. त्याच खुर्चीवर. बाबांनी डब्याकडे न बघता म्हटलं, "मी मुख्य संपादक आहे. जुनं कार्ड मी एकट्याने पुढे पाठवू शकतो."

"पाठवू शकता, साहेब," कॉमा म्हणाला. थांबला. बाबांनी हात डब्याकडे नेला. "पण मी घेणार नाही. उजव्या ट्रेमधलंच पानावर लावायचं, हे तुम्हीच या भिंतीवर चिकटवलंय. खाली तुमचीच सही आहे."

"मग त्या जागेचं काय करणार आहेस?"

कॉमाने पान काढून आणलं. बाबांनी बोट फिरवलं. डिसअॅफेक्टेड. त्याखाली लगेच डिसअलाउ.

"मधे काही नाही?"

"नाही. डिसॅग्री नाही, डिसॅग्रीएबल नाही, डिसॅग्रीमेंट नाही." कॉमा थांबला. "आपला कोश वापरणाऱ्याला, सगळं पटतं."

बाबा त्या पानाकडे बघत राहिले. ज्या कोशात तो शब्दच नाही असा कोश, त्यांच्या नावाचा. त्यांनी पान घडी करून खिशात घातलं, आणि दुपारी मागच्या खोलीत परत उघडलेलं आत्याने पाहिलं.

दिवसभर दोघांनी काम केलं. डिसकार्डपाशी ठकूचं पुन्हा एकदा पटलं नाही. बाबांनी कार्ड डब्यावर ठेवायला उचललं आणि मग स्वतःच उलटसुलट करून पाहिलं. "हे चुकलंय माझंच," ते म्हणाले, जागीच दुरुस्त केलं, आणि ती 'बरोबर' म्हणाली. हे इतक्या पटकन झालं की कॉमाने वळून बघेपर्यंत कार्ड उजवीकडे गेलेलं होतं.

मधली मात्र हलली नाहीत. संध्याकाळी उठताना ठकूने डबा थोडा स्वतःकडे सरकवला. बाबांनी तो परत मधोमध केला.

*

सोमवारी संध्याकाळी बाई आली. या वेळी पीठ नव्हतं, केस विंचरलेले होते. ती बसली, खुर्चीच्या काठावर.

"विचारलंत का?" तिने ठकूला विचारलं.

"हे बसलेत समोर. मुख्य."

बाबा उठून उभे राहिले आणि परत बसले. आता हिला काय सांगायचं हे त्यांनी बहुधा दोन दिवस घोळवलं होतं, पण तोंडातून निघाला तो प्रश्न.

"उद्या तुम्हाला त्यांच्याशी भांडायचंय का?"

"नाही सर. भांडून झालंय. एका घरात होतो तेव्हा रोज तेच होतं. आता नाही भांडायचं."

"मग काय करायचंय?"

"सांगायचंय की हे मला पटलेलं नाही. मी पहाटे जाते, मान्य. पण पोर शाळेतून दुपारी येते, तेव्हा मी घरी असते. तो नसतो. शेजारीण घेते तिला. पहाटेचं माझी बहीण बघायला तयार आहे. एवढं सांगायचंय." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "आणि मग तिथेच बसायचंय."

"तिथेच?"

"उठून कुठे जाणार? माझी पोर त्या टेबलावर ठरतेय."

बाबांनी डब्याकडे पाहिलं. मग ठकूकडे. ती तिच्या खुर्चीवर होती, शुक्रवारी होती तिथे, शनिवारी होती तिथे, पेनचं टोपण दातात धरून.

"त्यांना वाटेल तुम्ही उठून जाल," बाबा हळू म्हणाले. "वाटतं तसं. मलाही वाटलं होतं."

त्यांनी डब्यावरची कार्डं उचलली. जुनं खाली ठेवलं. नवं ठकूच्या हातात दिलं.

"वाच."

"मी?"

"मग मी का? लिहिलंय कुणी?"

ठकूने वाचलं. मोठ्याने, पद्धतीप्रमाणे. न पटणे. बारीक अक्षरात असहमत असणे. 'विथ' माणसाशी, 'अबाउट' गोष्टीवरून. आमचं पंख्यावरून पटत नाही. दोन, अन्न न मानवणे, मासे कायम. बाबा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत होते. ऐकणाऱ्याच्या जागेवर ते कसे दिसतात हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"पंख्याचं ठीक आहे," ते म्हणाले. "पण पुळचट आहे. पंख्यावरून कुणाची खुर्ची जात नाही. आणखी एक घाल. *माय डॉटर डिसॅग्रीज विथ मी.* अर्धविराम. *शी इज अॅट द टेबल.* माझ्या मुलीला माझं पटत नाही; ती टेबलाला बसली आहे."

ठकूने लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं.

"आणि माझा अर्थ?"

"तो नाही ठेवता येणार, बाबा."

"पूर्ण खोडायचा? तो साहेब मला अजून दिसतो, ठकू. उद्या कुणी पोरगा हे वाचून साहेबापुढे उभा राहिला तर?"

ठकूने विचार केला. तिला हेही सोडून द्यायचं नव्हतं. "अर्थात नाही. टिपेत घालू. काही साहेबांना हे भांडण वाटते."

"काही?"

"काही."

"बऱ्याच."

"'काही'च्या पुढे मी जाणार नाही."

बाबांनी भुवया वर केल्या. खाली यंत्र सुरू झालं, चहाचे कप थरथरले, आणि सगळे थांबले. बाईसुद्धा. यंत्र थांबलं.

"टिपेत," बाबा म्हणाले. "काही. बरोबर."

"काय म्हणालास?" आतून आत्या.

"बरोबर म्हटलं!"

"ऐकू आलं होतं. परत ऐकायचं होतं."

कार्ड उजव्या ट्रेमध्ये गेलं, त्यामागे डिसॅग्रीएबल, डिसॅग्रीमेंट. आत्या बाहेर आली, तिने डब्याचं झाकण उघडलं आणि न विचारता बाईच्या हातात दोन बिस्किटं ठेवली. मग शेजारची खुर्ची ओढून टेबलाला बसली. कॉमाने पान लावलं, छापलं आणि आणून दिलं.

"गरम आहे," तो म्हणाला, "जरा."

"गरम धरायची सवय आहे," बाई म्हणाली. तिने नोंद ओठ हलवत वाचली. एकदा. मग टीप. मग वरचं परत. मासे वाचून तिने मान तिरकी केली. शेवटी मान वर केली. "हे म्हटल्यावर उठायचं नाही."

"नाही," ठकू म्हणाली.

"आवाज चढवायचा नाही."

"गरज नाही."

"पण एवढ्या बारीक आवाजातही नको गं," आत्या म्हणाली. "लाइन खराब असते. समोरच्याला वाटतं फोन ठेवला."

बाबा खुर्ची घेऊन बाईच्या समोर आले. कोट सारखा केला. त्यांचा चेहरा बदलला. कुणाचा झाला ते बाई सोडून सगळ्यांना कळलं.

"मी विचारतो," ते म्हणाले, आणि मग इंग्रजीत, कोरड्या, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, "डू यू डिसॅग्री?"

"येस," बाई म्हणाली. घसा साफ केला. "येस. आय डिसॅग्री."

बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. खाली किल्ली घासायला लागली, या वेळी बराच वेळ. कुणीतरी मोठ्या कुलपाची किल्ली करून घेत असावं. कप, चमचे, डब्याचं झाकण सगळं वाजत राहिलं. यंत्र थांबलं तेव्हा बाई होती तिथेच होती. काठावरून मागे सरकून पूर्ण खुर्चीभर बसली होती, आणि तिचा हात टेबलावर होता.

"पुढे?" बाबांनी विचारलं. स्वतःच्या आवाजात.

"पुढे काय, सर. मी बसलेय. आता तुम्ही विचारा, का ते."

बाबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"व्हाय?" ते म्हणाले.